ज्याची भाकरी त्याचा हुकूम

बहारीनहून परत आले आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये पहिलाच प्रश्न आला, "बाई, सोनं किती आणलंत?" आखातात जाऊन आलेल्या बाईने सोनं आणलं नाही तर ती गेलीच नव्हती, असं आमच्या महाडात समजतात. मी म्हटलं, सोनं नाही, अर्धी भाकरी आणली आहे. सगळ्या हसल्या. हसा बायांनो, तुमचंही बरोबर आहे, तुम्हाला कुठून कळणार! म्हणून सगळं पहिल्यापासून लिहून काढते. मास्तरणीची खोड आहे, समोरच्याला समजलं नाही तर मला जेवण जात नाही.

चौऱ्याण्णव सालची मे महिन्याची सुट्टी. माझी धाकटी बहीण सुजाता बहारीनला, दिवस भरत आलेली. आई आम्हाला नाही, तेव्हा बाळंतपणाला मीच जायचं हे कोणी न सांगताच ठरलं. तिचे यजमान मिलिंदराव पंपांचे टेक्निशियन. कंपनीने त्यांना येमेनला धाडलं होतं, अदन शहराबाहेरच्या एका कारखान्यात पंप बसवायला. बाळंतपणाआधी परत येतो म्हणून गेले होते. माझं तिकीट झालं, डिंकाचे लाडू बांधून झाले, आणि येमेनमध्ये लढाई पेटली. तीही परक्याशी नाही. आपसातलीच, उत्तरवाल्यांची आणि दक्षिणवाल्यांची.

निघताना बाबांच्या पाया पडले. बाबा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. जास्त बोलत नाहीत. लहानपणापासून आम्हा बहिणींना त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती, तीच पुन्हा म्हणाले, "परमुलखात अडचण आली तर वर्दी शोधायची. आणि वर्दीत सगळ्यात वरचा माणूस शोधायचा. हुकूम वरून खाली येतो." मी म्हटलं, "बाबा, मी बाळंतपणाला चाललेय, लढाईवर नाही." पण ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं, आणि त्यानेच पुढे घोटाळा केला.

जिदहफ्स

सुजाताचं घर जिदहफ्सच्या बाजारात, मसाल्याच्या दुकानाच्या वर. जिन्यात पाय ठेवला की धणे-जिऱ्याचा वास नाकात जायचा आणि क्षणभर वाटायचं, महाडच्या पेठेतच आहोत. मग खिडकीतून बघावं तर सगळीकडे पिवळट ऊन, झाड औषधाला नाही, आणि कोपऱ्यावर रोटीची भट्टी. भट्टीवाला इराणी. गरम रोट्या वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचा. सुजाता गरोदर आहे हे कळल्यापासून एक रोटी जास्त टाकायचा आणि पोटाकडे बोट दाखवून म्हणायचा, ही त्याची. आमच्याकडे दुकानदार असं काही करायला लागला तर आपण आधी संशय घेऊ. मीही पहिल्या दिवशी घेतला.

समोरच्या दारात जुबेदाखाला. आमच्याच रायगडच्या, म्हसळ्याच्या. नवरा, म्हणजे चाचा, मनामाच्या बाजारात कापडाचा व्यापार करणारे, शांत. खाला म्हणजे तोफखाना. माझी बॅग जिन्यातच काढून घेतली आणि म्हणाल्या, "आयलीस गो बाय? पयले च्याय पी. बहिणीच्या गळ्यात पडून रडायचं ते मंग रड." परमुलखात आपल्या तालुक्याचा हेल कानावर पडला, आणि खरं सांगते, चहाआधीच रडू आलं.

सुजाता सुकली होती. मिलिंदरावांचा फोन येऊन बरेच दिवस झालेले. टीव्हीवर धूर आणि रणगाडे दिसायचे, अरबी कळायचं नाही. खालांनी सगळ्या मजल्याची शिस्त लावून टाकली होती. दुपारचं जेवण खालांकडून, रात्रीचं खालच्या केरळी नर्सकडून, टीव्ही लावायचा नाही, फोन मोकळा ठेवायचा. एकदा शेजारच्या बहारीनी आजीबाईंनी न्याहारी धाडली. गोड शेवया आणि त्यावर चक्क ऑम्लेट! मी म्हटलं, अगं बाई, हे काय! पण दोन घास खाल्ले आणि तिसरा मागून घेतला.

मग एके दुपारी फोन आला. मिलिंदरावच. सुजाता नुसती "अहो, अहो" करून हुंदके देत राहिली, म्हणून मी रिसीव्हर घेतला.

"ताई, इथला मॅनेजर पळून गेला. आम्ही इंडियन तेवढे उरलोय. खाणं संपलंय. शहराचा रस्ता बंद आहे. थांबावं की निघावं, कळत नाही."

मी विचारलं, "जवळपास लष्कर आहे का?"

"आहे ना. कारखान्याच्या पुढेच छावणी आहे."

"अहो मग विचारता काय! उठा आणि तिथं जा. पासपोर्ट हातात ठेवा. शिपायाशी बोलू नका, सगळ्यात मोठा ऑफिसर कोण ते विचारा. छावणीपेक्षा सुरक्षित जागा लढाईत दुसरी नसते. मी सुभेदाराची मुलगी आहे, मला सांगू नका."

"बरं ताई," म्हणाले. भला माणूस आहे, मोठ्यांचा शब्द मोडत नाही. पुढे काहीतरी बोलत होते तेवढ्यात लाइन गेली. मी रिसीव्हर ठेवला आणि सुजाताला म्हटलं, "झालं काम. आता जेव."

जनाबिया

दुसऱ्या दिवशी चाचांनी आपल्या पिकअपमधून आम्हाला जनाबियाला नेलं. मिलिंदरावांच्या कंपनीचे इंग्रज साहेब तिथे राहतात. उंच भिंती, आत बंगले, बोगनवेल, पाण्याचे फवारे. जिदहफ्सला आम्ही बादलीतलं पाणी जपून वापरतो आणि इथे हिरवळ न्हातेय! पण साहेबीण मनाची चांगली. सुजाताचे पाय सुजलेले बघून तिने स्वतः उशी आणली आणि पायाखाली ठेवली. मी असते तर परक्या बाईच्या पायाला हात लावला असता का, असा विचार मनात आला.

साहेबांनी नकाशा उघडला, अदनच्या पूर्वेच्या रस्त्यावर पेन टेकवलं आणि म्हणाले, कारखाना इथे, आणि हे बघा, शेजारीच आर्मी कॅम्प. परदेशी लोकांना सैन्य सांभाळतं, काळजी करू नका. मी सुजाताकडे असं पाहिलं की विचारू नका. साहेबसुद्धा माझ्याच मताचा निघाला! परतताना मी चाचांना फौजेतली हुकमाची उतरंड समजावून सांगितली. शिपाई, नाईक, हवालदार, सुभेदार, त्यावर कॅप्टन, कर्नल. चाचा "हां, हां" करत गाडी चालवत होते.

झल्लाक

शुक्रवार आला. इकडे सुट्टी शुक्रवारची. खालांनी फर्मान काढलं, "पोरीला समुद्रावर न्यायचं. घरात बसून भिंतीकडं बघून काय पॉर व्हनार हाय?" बिर्याणीचं पातेलं, बर्फ, चटया घेऊन ऊन उतरल्यावर आम्ही झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. पश्चिमेचा समुद्र, लाट म्हणाल तर नाहीच, तळ्यासारखं पाणी. श्रीवर्धनचा समुद्र पाहिलेल्या माणसाला हा आजारी वाटतो. पण सुजाता घोटाभर पाण्यात उभी राहिली आणि कितीतरी दिवसांनी हसली, तेव्हा मी मनातल्या मनात त्या समुद्राची माफी मागितली.

चाचांनी त्यांच्या एका मित्राला बोलावलं होतं. अबू सालेम. मनामात मधाचं दुकान चालवणारे, साठीचे, उंच, मिशी कातरलेली. मूळचे अदनचे आणि एकेकाळी दक्षिणेच्या फौजेत रसदीचे मोठे अधिकारी. तिथे आधीही एकदा आपसात लढाई झाली होती, तेव्हा देश सोडून इकडे आलेले. लहानपणी अदनमध्ये शेजारी गुजराती आणि मुंबईकर, म्हणून हिंदी फर्डं. सुजाता आणि खाला पाण्यात होत्या. मी चटईवर कांदा चिरत होते. फौजेचा माणूस म्हटल्यावर मला राहवेना. मी विचारलं, तुमच्या फौजेत सगळ्यात वर कोण?

ते हसले. "बहनजी, आपके यहाँ फौज कितनी है?"

"एकच. किती असणार?"

"हमारे यहाँ दो. झंडा एक, फौज दो."

मग त्यांनी दोन ताटल्या पुढे ओढल्या. एकीत खजूर ओतले, एकीत लिंबं. खजूर म्हणजे उत्तर, लिंबं म्हणजे दक्षिण. म्हणाले, चार वर्षांपूर्वी दोन्ही देशांचं लग्न लागलं. झेंडा एक झाला, संसद एक झाली. फौज मात्र कुणीच एक केली नाही. एकमेकांवर विश्वास आहे हे दाखवायला नुसत्या पलटणींची अदलाबदल केली. त्यांनी मूठभर खजूर उचलून लिंबांच्या ताटलीत मधोमध ठेवले आणि चार लिंबं खजुरांत. "हे पाहुणे," ते म्हणाले. "खरं म्हणजे ओलीस."

"पण वर कोणीतरी एक असेलच की!"

"संरक्षणमंत्री लिंबवाल्यांचा. सरसेनापती खजूरवाल्यांचा. मंत्र्याचा हुकूम खजुरांपर्यंत पोचत नाही, सरसेनापतीचा लिंबं ऐकत नाहीत. आणि पलटणीच्या आतसुद्धा शिपाई आधी आपल्या गावच्या, आपल्या टोळीच्या माणसाचं ऐकतो, मग कर्नलचं. कागदावरची उतरंड वेगळी, खरी वेगळी."

माझा कांदा चिरायचा थांबला. "मग कुठली पलटण कुणाची, ओळखायची कशी?"

"वर्दी सारखी, बंदूक सारखी. मी रसदवाला माणूस, मी पिठाची लॉरी कुठून येते ते बघायचो. उत्तरवाले आमच्या मुलखात राहूनसुद्धा आमची रोटी खात नाहीत, माझे जुने सोबती कळवतात. त्यांची त्यांची भट्टी, त्यांची त्यांची भाकरी. कुदम म्हणतात. काळपट, जाड, मुठीएवढी. माझा हिशेब सोपा, बहनजी. ज्याची भाकरी त्याचा हुकूम."

मला अजून उजेड पडला नव्हता बघा. उलट मी ऐटीत सांगितलं, आमच्या सुजाताचे यजमान कारखान्याशेजारच्या छावणीत गेले असतील, मीच पाठवलं त्यांना. अदनच्या पूर्वेला, अबयानच्या रस्त्यावर.

अबू सालेमांचा चेहराच बदलला. लिंबांच्या मधोमध ठेवलेल्या खजुरांवर त्यांनी बोट ठेवलं. "अबयानच्या रस्त्यावर? ही?"

मी ताटलीकडे पाहत राहिले. चारी बाजूंनी लिंबं.

"ती उत्तरेची पलटण आहे," ते हळू म्हणाले. "दक्षिणवाल्यांनी वेढली आहे. तोफा पहिल्यांदा चालतील त्या तिथेच."

समोर सुजाता पाण्यात उभी, एक हात पोटावर, आणि खाला तिला कसलासा किस्सा सांगतायत. बाबांचा नियम आपल्या फौजेसाठी खरा. एकच फौज, एकच हुकूम, असल्या देशात जन्मलो म्हणून जगात सगळीकडे तसंच असेल असं मी धरून चालले, आणि त्या भल्या माणसाला नेम धरलेल्या जागी पाठवून मोकळी झाले.

मी उठून गाडीमागे गेले आणि खालांना खुणेने बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. "तू वाईट चिंतून बोललीस काय? नाय ना? मंग. सुजाताला यातला शब्द नाय सांगायचा. आता तोंड धू आणि बिर्याणी वाढ." मी बिर्याणी वाढली. कशी वाढली ते माझं मला माहीत. निघताना अबू सालेम म्हणाले, समुद्रापलीकडे जिबुतीला माझा भाचा आहे, जहाजांवर माणसं येतायत, चौकशी करतो. इंशाल्ला.

पुन्हा जिदहफ्स

त्यानंतरच्या दिवसांबद्दल फार लिहीत नाही. अबू सालेम रोज दुकान बंद करून जिन्याच्या पायथ्याशी यायचे, मला बघून मान हलवायचे आणि म्हणायचे, "मफी." काही नाही. मग मधाची छोटी बाटली हातात ठेवायचे, बाळंतिणीसाठी. ज्या पलटणीच्या वाईटावर त्यांचीच जुनी फौज टपलेली, त्या पलटणीतल्या एका परक्या इंडियनसाठी हा माणूस रोज फोन लावत होता.

सुजाताला मुलगी झाली. खाला आणि केरळी नर्स रात्रंदिवस उभ्या. साहेबिणीने दुपटी धाडली. भट्टीवाला इराणी आता दोन रोट्या जास्त देऊ लागला, आणि मी त्याच्याकडे संशयाने बघितलं होतं ते आठवून लाजले. नाव ठेवायचं सुजाताने थांबवलं. "हे आल्यावर," म्हणाली. मी दुसरीकडे बघितलं.

आणि एका सकाळी मी रोट्या घेऊन जिना चढतेय तर वर दारात चपला. मळलेल्या, पट्टा तुटलेल्या. आत मिलिंदराव जमिनीवर बसलेले, दाढी वाढलेली, अंगावर भलत्याच कुणाचा शर्ट, मांडीवर लेक. मी रोट्या तिथेच टाकल्या आणि मोठ्याने रडले. लाजबीज काही वाटली नाही. खाला धावत आल्या आणि माझ्यापेक्षा मोठ्याने रडल्या.

चाचा, अबू सालेम, सगळे जमले. मिलिंदराव सांगू लागले.

"ताईंनी सांगितलं म्हणून आम्ही सगळे छावणीवर गेलो. दोन दिवस पोटात काही नाही. फाटकावर एक शिपाई, हडकुळा. मी पासपोर्ट दाखवला, म्हटलं, बडा ऑफिसर. तर हा अंगावर ओरडला! बंदूक उगारली, ढकललं मला. आम्ही लांब भिंतीच्या सावलीत जाऊन बसलो. पुढं जायचं कुठं? थोड्या वेळाने तोच मागे बघत बघत आला. मला वाटलं, आता मारतो. त्याने शर्टातून भाकरी काढली, माझ्या हातात कोंबली आणि समुद्राकडे हात करून म्हणाला, बहर, बहर, यल्ला! आणि पळाला परत. आम्ही त्याला शिव्या देतच किनाऱ्याकडे गेलो. जिबुतीला जाणाऱ्या कोळ्यांनी होडीत घेतलं. होडी निघाली आणि मागे छावणीवर तोफा सुरू झाल्या."

मग सुजाता माझ्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे ताई, तू यांना थेट फौजेतच भरती करायला निघाली होतीस!" आणि हसायला लागली. तिला सगळंच कळलं होतं, आणि ती हसत होती.

मला मात्र राहवेना. मी म्हटलं, "मिलिंदराव, मी तुम्हाला मरायलाच धाडलं होतं हो."

"छे हो ताई. तुम्ही धाडलं म्हणून तर फाटकावर गेलो. तिथं गेलो नसतो तर समुद्राकडं जायचं आम्हाला सुचलंच नसतं. कारखान्यात बसलो असतो आणि तो कारखानाही उडाला." मग त्यांनी पिशवी ओढली. "सगळ्यांनी एकेक तुकडा खाल्ला. उरलेली ठेवली, पुढं काय मिळेल न मिळेल म्हणून. होडीत कोळ्यांनी मासे दिले आणि ही राहून गेली."

अर्धी भाकरी. काळपट, जाड, वाळून दगड झालेली.

अबू सालेमांनी ती दोन्ही हातांनी घेतली. ओठांना लावली, कपाळाला लावली. अन्न खाली पडलं की तिकडची माणसं असंच करतात, पण ही पडली नव्हती. "कुदम," ते म्हणाले.

मी विचारलं, "म्हणजे उत्तरवाल्यांची."

"हां. पण बहनजी, त्या छावणीचा रस्ता पहिल्या दिवसापासून तोडलेला. पिठाची लॉरी नाही, काही नाही. आत उपासमार चालू होती, मी रसदवाला आहे, मला कळतं." त्यांनी भाकरी उलटी करून पाहिली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, ज्याची भाकरी त्याचा हुकूम. ही कुणाच्याच हुकमाची नाही. ही त्याच्या वाट्याची होती."

मग त्यांनी मिलिंदरावांना विचारलं, शिपाई दिसायला कसा होता, वय काय, नाव काही कळलं का. मिलिंदरावांनी मान हलवली. त्यांनी तर त्याला नीट पाहिलंही नव्हतं. अबू सालेम बराच वेळ हात पसरून बसले आणि ज्या फौजेविरुद्ध आयुष्य घालवलं तिच्या एका शिपायासाठी त्यांनी दुआ मागितली. खाला आणि चाचांनीही हात पसरले. आम्ही हात जोडले.

महाड

अर्धी भाकरी मी मागून घेतली. मिलिंदराव म्हणाले, न्या ताई, बाबांना दाखवा.

बाबा ओसरीवर बसले होते. मी सगळं सांगितलं, ताटल्यांतले खजूर आणि लिंबंसुद्धा. दोन फौजा, दोन हुकूम ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग भाकरी हातात घेतली, अंगठ्याने दाबून बघितली.

"वेढ्यात रेशन दुसऱ्याला देणं गुन्हा आहे," ते म्हणाले. "आमच्याकडे कोर्ट मार्शल झालं असतं."

मला राग आला. म्हटलं, "बाबा, त्यामुळं तुमचा जावई जिवंत आहे!"

चहा आला, गार झाला. मग भाकरीकडे बघतच म्हणाले, "इतकी वर्षं फौजेत काढली मी. वेढ्यात असतो तर माझी भाकरी मी दिली नसती."

बाबांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी भाकरी रुमालात बांधली, आत नेली, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली. बाहेर येऊन मला म्हणाले, "त्या शिपायाला माझा जयभीम कळव."

मी हो म्हटलं. सुभेदारांचा हुकूम, नाही कसं म्हणणार! पण कळवू कुठं? त्याचं नाव नाही, गाव नाही. त्या दिवशीच्या तोफांनंतर तो आहे की नाही, तेही ठाऊक नाही. येमेनची लढाई पुढे जुलैत संपली, उत्तरवाले जिंकले, असं पेपरात चार ओळींत आलं. शिपायांबद्दल त्यात काही नव्हतं. आमच्या भाचीचं नाव करुणा ठेवलं. ती आता भिंतीला धरून उभी राहते.

म्हणून हे इथे लिहून ठेवते. अबयानच्या रस्त्यावरच्या छावणीत फाटकावर उभ्या असलेल्या शिपाईदादा, महाडहून सुभेदारांनी तुम्हाला जयभीम सांगितला आहे.